काजव्याला खरं बोलू दे

भाचीबाई,

काल रात्री जेवताना तू सांगितलंस, "आत्या, सोमवारपासून ल्युसिफरेजचा प्रयोग माझ्याकडे," आणि मग ताटातल्या भाताकडे बघत गप्प बसलीस. दादाही परीक्षेच्या आदल्या रात्री असाच भात चिवडत बसायचा. तू आमच्या सरेच्या बेसमेंटमध्ये राहतेस खरी, पण मी उठते तोवर तू किंग जॉर्ज स्टेशनवरून गाडीत बसलेली असतेस. म्हणून हे कागदावर लिहून डब्याच्या पिशवीत घालते आहे. कोलंबियाला गाडी बदललीस की प्रॉडक्शन वेपर्यंत निम्मं वाचून होईल. उरलेलं १४५ नंबरच्या बसमध्ये, बर्नबीचा डोंगर चढताना वाच.

आधी पुण्यात आणि मग इथे, मिळून बावीस वर्षं मी पेशींबरोबर काढली. खाली लिहिलेली प्रत्येक चूक माझ्या हातून एकदा झालेली आहे, काही दोनदाही. तू नव्या चुका कर, त्या करायलाच हव्यात. जुन्या मात्र माझ्या खात्यावर राहू देत.

तुला भंडारदरा आठवतो? मे संपत आलेला, पाऊस अजून यायचा होता, आणि अंधारात एक अख्खं झाड एकदम पेटायचं, विझायचं, पुन्हा पेटायचं. तू आईच्या कडेवर होतीस आणि "लाईट कोण लावतंय?" असं विचारत होतीस. बाळ, तुझा प्रयोग म्हणजे तोच प्रश्न आहे. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज हे विकर एटीपी, मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन यांच्या मदतीने ते जाळतं आणि प्रकाश पडतो. एटीपीशिवाय हा दिवा लागत नाही हे विल्यम मॅकएलरॉय यांनी १९४७ साली दाखवलं. ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात होते आणि गावातल्या मुलांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देऊन काजवे गोळा करवीत. १९८५ साली सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांनी उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस पायरॅलिस या काजव्याचा तो जनुक वेगळा काढला, आणि वर्षभरात तंबाखूचं एक रोप अंधारात उजळलं. आता तू तोच जनुक तुझ्या प्रमोटरच्या मागे जोडून पेशीत घालणार. प्रमोटर जेवढा जागा होईल तेवढं विकर, जेवढं विकर तेवढा प्रकाश. माणसाच्या पेशी स्वतः असा प्रकाश देत नाहीत, म्हणून अगदी बारीकशी हालचालही दिसते.

पण एक लक्षात ठेव. यंत्र फक्त प्रकाश मोजतं, तो का वाढला किंवा का मंदावला हे ते सांगत नाही. पेशी उपाशी असल्या, तुझा हात हलला, नळीत जुना थेंब राहिला, तरी प्रकाश बदलतोच. तुझ्या प्रश्नाशिवाय बदलायला दुसरं काही उरू नये, एवढ्यासाठी या सगळ्या सवयी.

१. प्रयोग असो वा नसो, रोज सकाळी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली बघ — निरोगी पेशी डोळ्यात मुरल्या असतील तरच आजारी पेशी ओळखू येतात.

२. मीडियमचा रंग वाचायला शिक. लालसर असला तर बरं, नारिंगी झाला की भूक लागली, पिवळा पडला की तू उशिरा आलीस — त्यातलं फिनॉल रेड आम्ल वाढलं की रंग बदलतं, आणि आम्लात राहिलेल्या पेशी खायला घातल्यावरही दोन दिवस रुसून बसतात.

३. पेशींची नळी वितळवायची ती सदतीस अंशांच्या पाण्यात, दोनेक मिनिटांत. गोठवायची ती मिनिटाला एक अंश अशी. गोठवताना कासव, वितळवताना ससा — हळू गोठलं की पेशीतलं पाणी बाहेर पडायला वेळ मिळतो आणि आत बर्फाचे सुरे तयार होत नाहीत. वितळल्यावर मात्र गोठवताना घातलेलं डीएमएसओ पेशींना बाधतं, म्हणून तिथे रेंगाळायचं नाही.

४. फ्लास्कवर तारीख, पेशीचं नाव आणि पॅसेज नंबर लिही, आणि पॅसेज पंचविशीच्या पुढे गेला की नवी नळी काढ — म्हाताऱ्या पेशी डीएनए पूर्वीसारखा घेत नाहीत, आणि मग या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या शेजारी बसत नाही.

५. हूडमध्ये एका वेळी एकाच जातीच्या पेशी, आणि प्रत्येकीची मीडियमची बाटली वेगळी — १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून आलेल्या हेला पेशी इतक्या जोमाने वाढतात की जगभरातल्या कितीतरी फ्लास्कमध्ये त्या शिरल्या, आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर लिहीत राहिले.

६. शेजारच्या बाकावरून कुणी प्रेमाने पेशी दिल्या तरी "यांची एसटीआर तपासणी केव्हा झाली?" हे विचारायला लाजू नकोस — माणूस चांगला असला म्हणून फ्लास्क खरा असतोच असं नाही. पुण्याला गणेशखिंडीत एन.सी.सी.एस.चं पेशीभांडार आहे, तिथून देशभर पेशी जातात. आम्ही तिथून आलेल्या नळीचा कागद देवघरातल्या पोथीसारखा जपून ठेवायचो.

७. कोरड्या बर्फातलं पार्सल शुक्रवारी पोचेल असं मागवू नकोस, फॅमिली डे किंवा व्हिक्टोरिया डेच्या आधी तर मुळीच नाही — खोकं तीन दिवस गोदामात पडलं की बर्फ उडून जातो आणि हाती कोमट नळ्या येतात.

८. महिन्यातून एकदा मायकोप्लाझ्माची तपासणी, न चुकता.

यावर थोडं थांबते. माझ्या एका जुन्या प्रयोगशाळेत (कुठल्या ते राहू दे) आमचा प्रमोटर अचानक दुप्पट जागा व्हायला लागला. आम्ही आनंदात होतो. तीन महिने आलेख काढले, पोस्टर केलं. मग नव्या आलेल्या एका मुलीने पेशींचे केंद्रक रंगवून बघितले, तर केंद्रकाच्या बाहेर सगळीकडे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ते मायकोप्लाझ्मा होते. या जिवाला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही. तो इतका लहान आणि लवचीक की जंतू गाळायच्या गाळणीतूनही निसटू शकतो. मीडियम गढूळही होत नाही. पेशी जगतात, वाढतात, फक्त आतून बदललेल्या असतात. तीन महिन्यांचं काम आम्ही टाकून दिलं. त्या मुलीचे आभार मानायला मला आठवडा लागला, आणि त्या आठवड्याचं वाईट मला त्या कामापेक्षा जास्त वाटतं. तुला कुणी असं काही दाखवलं तर त्याच दिवशी आभार मान. बाजारात मिळणारी एक तपासणी तर ल्युसिफरेजवरच चालते. मायकोप्लाझ्माची विकरं एडीपीपासून एटीपी बनवतात आणि तो एटीपी मिळाला की काजव्याचं विकर उजळतं. चोराला पकडायला तुझाच काजवा.

९. पेशींना कायम अँटिबायोटिक्सच्या पांघरुणात वाढवू नकोस — हाताची चूक झाकली जाते, आणि झाकलेली चूक वाढते. ट्रान्सफेक्शनच्या, म्हणजे पेशीत डीएनए घालायच्या, दिवशी तर ते मीडियममध्ये नसलेलंच बरं, कारण त्या दिवशी पेशीचं कवच सैल असतं आणि औषध आत शिरून तिलाच मारतं.

आता तुझ्या एचईके २९३ पेशींबद्दल. तू विचारलं होतंस, २९३ म्हणजे काय? फ्रँक ग्रॅहम नावाचे कॅनेडियन शास्त्रज्ञ १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये लायडनला ॲलेक्स व्हॅन डर एब यांच्याकडे काम करीत होते. मूत्रपिंडाच्या पेशींमध्ये ॲडिनोव्हायरसचा डीएनए घालून त्या कायम वाढत्या ठेवायच्या, हा त्यांचा खटाटोप. त्यांना आपल्या प्रयोगांना ओळीने नंबर द्यायची सवय होती. जमलेला प्रयोग २९३ वा होता, म्हणून पेशींचं नाव २९३. कॅल्शियम फॉस्फेटने डीएनए पेशीत घालायची रीतही या दोघांनी त्याच वर्षी छापली. ग्रॅहम पुढे हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात आले. जगभर रोज लाखो वेळा उच्चारलं जाणारं हे नाव म्हणजे एका माणसाच्या वहीतला अनुक्रमांक आहे. तेव्हा —

१०. पहिल्या दिवसापासून प्रयोगांना नंबर दे, फसलेल्यांनाही — फसलेला प्रयोग वहीत नसला की तो पुन्हा नव्या नावाने करायला घेतला जातो.

११. प्लाझ्मिड सगळे एकाच पद्धतीने, शक्यतो एकाच आठवड्यात काढ, आणि त्यात एंडोटॉक्सिन राहू देऊ नकोस — एक डीएनए स्वच्छ आणि दुसरा मळका असला की तू प्रमोटरची नव्हे, धुण्याची तुलना करतेस.

१२. प्रत्येक वेलमध्ये एकूण डीएनए सारखाच जायला हवा. कमी पडेल तिथे रिकाम्या व्हेक्टरने भर — पाचशे नॅनोग्रॅमची सवय असलेल्या पेशीला मध्येच दोनशे दिले की ती वेगळी वागते, आणि दोष तुझ्या प्रथिनावर येतो.

१३. काजव्यासोबत नेहमी रेनिला घाल — समुद्रातल्या रेनिला या प्रवाळाच्या नातलगाचं हे विकर निळा प्रकाश देतं, त्याला एटीपी लागत नाही. कुठल्या वेलमध्ये किती पेशी, किती डीएनए पोचला याची ती साक्षीदार.

१४. रेनिला मिठाएवढीच; विसाव्या हिश्श्यापासून सुरुवात कर आणि गरज पडली तर आणखी कमी कर — रेनिलावर जोरदार सीएमव्ही प्रमोटर असला तर तो पेशीतला सगळा स्वयंपाकी वर्ग आपल्याकडे ओढून घेतो आणि तुझा प्रमोटर पंगतीत उपाशी राहतो.

१५. डीएनए वेलवेलला वेगळा मोजू नकोस. एकदाच मोठं मिश्रण कर आणि वाटून दे, दहा टक्के जास्तीचं — अर्धा मायक्रोलिटर चोवीस वेळा मोजला की चोवीस चुका, एकदा मोजला की एक, आणि तीही सगळ्यांना सारखी.

१६. तीन शेजारी हवेतच: प्रमोटर नसलेला व्हेक्टर, भरवशाचा जोरदार प्रमोटर, आणि तुझ्याच प्रमोटरची जिथे प्रथिन बसतं ती जागा मोडलेली प्रत. पहिला काहीच नसताना किती उजेड असतो ते सांगतो, दुसरा हात चालला का ते सांगतो — आणि तिसरा सांगतो की उजेड त्याच जागेमुळे होता. हा तिसरा करायला लोक कंटाळतात. तू कंटाळू नकोस.

१७. नळीच्या झाकणावर आणि अंगावर, दोन्हीकडे लिही. नळीवर नाव नाही, तिला फ्रीजरमध्ये गाव नाही — झाकणं बदलतात, आणि "मला आठवेल" हे मी आजवर कुणाचंही खरं झालेलं पाहिलेलं नाही.

प्लेटकडे वळू.

१८. पेशी मोजून टाक, अंदाजाने नव्हे. डोळ्यांना सत्तर टक्के आणि नव्वद टक्के सारखेच वाटतात, पण ट्रान्सफेक्शनला त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं — दाटीत बसलेल्या पेशी विभागत नाहीत आणि डीएनएही नीट घेत नाहीत.

१९. पेशी टाकताना बाटली अधूनमधून हलव — त्या आमटीतल्या डाळीसारख्या तळाला बसतात, आणि पहिल्या ओळीला पाणी, शेवटच्या ओळीला डाळ मिळते.

२०. प्लेट गोल फिरवू नकोस. पुढे-मागे, मग डावी-उजवी, हळू — गोल फिरवलं की सगळ्या पेशी वेलच्या मधोमध गोळा होतात. मग वीसेक मिनिटं ती बाहेरच टेबलावर राहू दे आणि नंतर इन्क्युबेटरमध्ये ठेव. एकदम ऊब लागली की काठच्या वेलमधल्या पेशी एका कडेला सरकतात.

२१. काठच्या वेलमध्ये नमुने ठेवू नकोस, तिथे नुसतं बफर भर. काठच्या घराला ऊन आधी — तिथलं पाणी लवकर उडतं, मीठ वाढतं, पेशी बिथरतात.

२२. प्रकाश मोजायला पांढरी, अपारदर्शक भिंतींची प्लेट घे — पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा उजेड तुझ्या वेलमध्ये डोकावतो. आणि मोजण्याआधी ती पाच मिनिटं अंधारात ठेव, पांढरं प्लास्टिक दिव्याखालून आलं की थोडा वेळ स्वतःच मंद चमकतं.

२३. ट्रान्सफेक्शन आधी कॅलेंडरवर, मग प्लेटवर. आज घातलेला डीएनए चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मोजायचा असतो — आणि जानेवारीत जोराचा बर्फ झाला की डोंगरावर बस चढत नाही. हवामान बघ, आणि तिथे जवळ राहणाऱ्या कुणा मैत्रिणीशी "तू माझी प्लेट काढ, मी तुझी काढीन" असा करार करून ठेव. माझ्या दोन प्लेटा बर्फात गेल्या. पेशी जिवंत होत्या, पण बहात्तर तासांचा उजेड कुणाच्या कामाचा?

२४. लिपिड आणि डीएनए एकत्र केल्यावर सांगितलेली पंधरा-वीस मिनिटं थांब, आणि तासभर विसरूनही जाऊ नकोस — गोळे लहान राहिले तर आत जात नाहीत, फार मोठे झाले तर पेशींना मारतात.

२५. एचईके पेशींवर थेंब टाकायचा तो भिंतीवरून ओघळू देऊन. या पेशी लग्नाच्या मांडवातल्या पाहुण्यांसारख्या, जरा धक्का लागला की उठून जातात — आणि उठून गेलेल्या पेशी धुताना नाल्यात.

२६. औषध डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल तर ज्या वेलला औषध नाही त्यालाही तेवढाच डीएमएसओ — नाहीतर तू औषधाचा परिणाम बघत नाहीस, डीएमएसओचा बघतेस.

२७. प्रमोटर बंद होतो का हे बघायचं असेल तर आधी विचार कर. काजव्याचं विकर पेशीत तयार झालं की त्यातलं अर्धं संपायला साधारण तीन तास लागतात — सकाळी साठलेला उजेड दुपारपर्यंत उरतो आणि दिवा विझलाय हे कळतच नाही. अशा कामाला पेस्ट क्रम जोडलेलं, लवकर मोडणारं ल्युसिफरेज मिळतं, ते वापर.

२८. औषध दिल्यावर रेनिलाचे कच्चे आकडे वेगळे बघ, नुसतं गुणोत्तर नव्हे. साक्षीदार फितूर नाही ना हे आधी बघावं — रेनिलासाठी वापरतात तो टीके प्रमोटरही काही संप्रेरकांना प्रतिसाद देतो. मग काजवा जागचा हललेला नसतो, रेनिला खाली गेलेली असते, आणि गुणोत्तर डौलात वर गेलेलं दिसतं.

२९. उजेड कमी झाला म्हणजे प्रमोटर झोपला असं धरू नकोस. आधी पेशी जिवंत आहेत का ते बघ.

हे मी पुण्यात शिकले. भोसरीला १९९२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत टीझेडएम-बीएल नावाच्या पेशींवर काम व्हायचं. या हेलाच्या लेकी. त्यांच्या जनुकांतच एचआयव्हीचा प्रमोटर आणि त्यामागे ल्युसिफरेज बसवलेलं असतं. विषाणू आत शिरला की त्याचं टॅट नावाचं प्रथिन तो प्रमोटर जागा करतं आणि पेशी उजळते. रुग्णाच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणूला दारातच अडवलं तर उजेड कमी. किती सुरेख! अडलेला विषाणू दिसत नाही, पण न लागलेला दिवा मोजता येतो. मात्र याच कामात एखादा वनस्पतीचा अर्क पेशींनाच मारत असेल तरी उजेड कमीच होतो. तो अर्क विषाणूचा शत्रू ठरतो, आणि खरं तर तो सगळ्यांचाच शत्रू असतो. म्हणून त्या प्रयोगाशेजारी पेशींच्या जगण्याची तपासणी ठेवतातच. तूही ठेव.

३०. उजेड वाढला तरी लगेच पेढे वाटू नकोस — काही रसायनं प्रमोटरला हातच लावत नाहीत, थेट ल्युसिफरेजला चिकटून त्याला मोडू देत नाहीत, आणि विकर साठत जातं. पीटीसी१२४ हे रसायन असंच करतं हे २००९ साली दाखवलं गेलं, आणि तेव्हा पुष्कळांनी आपल्या जुन्या वह्या उघडल्या.

३१. द्राक्षातलं रेझव्हेराट्रॉल किंवा हळदीतलं कर्क्युमिन तपासत असशील तर दुप्पट सावध रहा — पहिलं काजव्याच्या विकराला थेट अडवतं, दुसरं पिवळंधमक असल्याने निळा उजेड गिळू शकतं. हळद आपली आहे, तिच्यावर माझी माया आहे. म्हणूनच तिच्या नावावर खोटा आकडा जाऊ नये असं वाटतं.

३२. अशा वेळी तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने विचार: प्रमोटरच्या मूळ जनुकाचा आरएनए मोज, किंवा खोल समुद्रातल्या कोळंबीपासून घडवलेलं नॅनोल्युक वापरून बघ — दोन वेगळी विकरं एकाच रसायनाला सारखी फसत नाहीत.

आता लायसिस, म्हणजे पेशी फोडणं, आणि रीडिंग.

३३. लायसिस बफर त्याच दिवशी पाचपटीतून पातळ कर. शहाण्णव वेलच्या प्लेटला वेलमागे वीस मायक्रोलिटर, चोवीसला शंभर, आणि पंधरा मिनिटं हलत्या टेबलावर — कोरडा राहिलेला कोपरा म्हणजे न फुटलेल्या पेशी.

३४. त्याआधी मीडियम पूर्ण काढ आणि एकदा हलक्या हाताने धू — उरलेल्या मीडियममुळे बफर पातळ होतं, आणि त्यातल्या सीरममुळे रेनिलाचं द्रव्य विकराशिवायही मंद उजळतं.

३५. आज मोजणं जमत नसेल तर लायसेट उणे ऐंशीत ठेव, पण काढ-घाल एकदाच — प्रत्येक वेळी वितळलं की विकर थोडं मरतं, आणि सगळ्या नळ्यांत सारखं मरत नाही.

३६. रसायनं फ्रीजरमधून काढून खोलीच्या उबेला पूर्ण येऊ दे, हाताने शेकू नकोस — विकराचा वेग तापमानावर चालतो. पहिल्या वेलला थंड आणि शेवटच्याला कोमट मिळालं की आलेखात उतार दिसतो आणि तू त्याला अर्थ शोधत बसतेस.

३७. रेनिलाच्या द्रव्याला, म्हणजे कोएलेंटेराझिनला, उजेड आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. फॉइलमध्ये गुंडाळ, थोडं थोडं वाटून ठेव — लोणच्याच्या बरणीत रोज चमचा घातला की बुरशी धरते, तसं.

३८. इंजेक्टर आधी पाण्याने, मग सत्तर टक्के अल्कोहोलने, मग पुन्हा पाण्याने धू, दिवस संपतानाही. नळीत राहिला थेंब, आकड्याला फुटला कोंब — काजव्याला विझवून रेनिलाला उजळवणारं दुसरं रसायन नळीच्या प्लास्टिकला चिकटून राहतं, आणि दुसऱ्या दिवशी काजवा विनाकारण मंदावतो.

३९. ट्रान्सफेक्ट न केलेल्या पेशींचं लायसेट प्रत्येक प्लेटवर हवं, आणि त्याचा आकडा दोन्ही रीडिंगमधून आधी वजा कर, मग भाग — रेनिला कमी असेल तिथे बॅकग्राउंड न काढता भागलं की गुणोत्तर वाटेल ते बोलतं.

४०. आकडा यंत्राच्या छताला टेकला असेल तर लायसेट पातळ करून पुन्हा मोज — छताला टेकलेले दोन आकडे सारखे दिसतात, मग खाली एक दुप्पट का असेना.

४१. एकाच दिवसाचे तीन वेल म्हणजे एकाच आमटीच्या तीन वाट्या. तिन्हींची चव सारखी लागली म्हणजे तुला आमटी जमते असं सिद्ध झालं नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी, नव्याने पेशी टाकून कर — आलेखाखाली "तीन" लिहायचं ते या तीन दिवसांचं.

४२. कुठल्या वेलमध्ये काय, हे आदल्या रात्री कागदावर काढ आणि हूडजवळ चिकटव — ऐन वेळी कुणी हाक मारली की बी चार आणि बी पाच यांत डोळे फसतातच. चुकलीस तर तिथल्या तिथे वहीत लिही, ओळ खोडून पुन्हा नीट लिहू नकोस.

४३. एखादा वेल आवडला नाही म्हणून काढून टाकू नकोस. काढायचाच असेल तर का, ते मोजण्याआधी वहीत लिहिलेलं असायला हवं: पेशी उठल्या होत्या, बुडबुडा होता, हात हलला होता — मोजल्यानंतर सुचलेली कारणं नेहमी आपल्याच बाजूची असतात.

४४. सायंकाळी सहानंतर ट्रान्सफेक्शन सुरू करू नकोस. दमलेला हात टिप बदलायला विसरतो — आणि नोव्हेंबरात दिवेलागण लवकर होते, मला तू बस स्टॉपवर एकटी नको आहेस.

४५. डबा लॅबमध्ये उघडायचा नाही, पाण्याची बाटलीसुद्धा आत न्यायची नाही, आणि हातमोजे काढून साबणाने हात धुतल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही — या माणसाच्या पेशी आहेत, आणि एचईकेमध्ये विषाणूचा तुकडा बसवलेला आहे. त्यांच्याशी भीतीने नव्हे पण अदबीने वागायचं. आज डब्यात थालीपीठ आहे. लोणी वेगळ्या डबीत ठेवलंय, बसमध्ये उघडू नकोस.

तुझी,
आत्या